सेकंदाला किती?

माणसाच्या डोळ्याला सेकंदाला किती चित्रं दिसतात, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. पुतण्या अनेक वर्षं ३० म्हणत होता. भाचा म्हणतो १४४, आणि वर पुस्ती जोडतो, "खरं तर जास्तच दिसतात मामा, पण मॉनिटर तेवढाच आहे." मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या आईला स्वयंपाकघरात बसून हॉलमधली जळमटं दिसतात. त्यामुळे या विषयावर अधिकाराने बोलावं असं घरात तिच्याखेरीज कोणी नाही. पण तिला विचारतो कोण!

पुतण्या कन्सोलवाला, भाचा पीसीवाला. ज्यांना एवढ्यावर कळायचं त्यांना कळलं असेल आणि ते माझ्यासाठी हळहळलेही असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा. आणायचा, लावायचा, कंट्रोलर हातात घेऊन सोफ्यावर लोळायचं. पीसी आणता येत नाही, जमवावा लागतो. आणि जमवून झाला, आता पुरे, असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गेम म्हणजे शेवटी भराभर बदलणारी चित्रं. यंत्र सेकंदाला किती चित्रं काढून दाखवतं तो त्याचा फ्रेम रेट. ३० काढायची असतील तर एका चित्राला साधारण ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० काढायची तर १७. या मधल्या १६ मिलिसेकंदांवरून आमच्याकडे माणसं भरल्या ताटावरून उठलेली आहेत. आणि त्या उठलेल्यांपैकी एकाला रविवारी अंथरुणातून उठायला साडेअकरा वाजतात.

"सिनेमा २४वर चालतो, कोणाचं काही अडलंय का?" हे पुतण्याचं ब्रह्मास्त्र. त्याला मी एकदा समजावून सांगायला गेलो की बाबा रे, २४ हा आकडा काही डोळ्यांच्या डॉक्टरांनी काढलेला नाही. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे वेग कमीजास्त व्हायचा. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच जमान्यातला. पुढे १९२०चं दशक संपता संपता बोलपट आले, आवाज नीट यायचा तर वेग एकच ठरवणं भाग पडलं. फिल्म महाग. तेव्हा कानाला बरा वाटेल आणि निर्मात्याच्या खिशालाही झेपेल असा २४चा वेग कायम झाला.

"म्हणजे फाळक्यांचा फ्रेम रेट स्टेबल नव्हता," भाचा खरोखर वाईट वाटून म्हणाला.

"खिशाला झेपेल असा!" पुतण्याने माझ्या अख्ख्या व्याख्यानातून तेवढंच उचललं. "मी दुसरं काय म्हणतोय, काका?"

या भांडणाचं मूळ २०१४ सालात आहे. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' नावाचा गेम येऊ घातला होता. फ्रेंच राज्यक्रांती, पॅरिस, गर्दी, गच्च्यांवरून उड्या. येण्याआधीच कंपनीच्या माणसांनी सांगून टाकलं की कन्सोलवर सेकंदाला ३०च चित्रं मिळतील, आणि नाही तरी ३० जास्त 'सिनेमॅटिक' वाटतात. पुतण्या तेव्हा शाळेत होता. तो शब्द त्याला इतका आवडला की आठवडाभर घरात अळणी आमटीपासून बंद पडलेल्या गीझरपर्यंत सगळं सिनेमॅटिक होतं. मग सहामाहीचा निकाल लागला. गणितात शंभरपैकी ३१. भाच्याने आपल्या मामीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मामी, रागावू नका. सिनेमॅटिक आहेत."

गेम नोव्हेंबरात आला तेव्हा कन्सोलवर ते सिनेमॅटिक ३०सुद्धा धड निघेनात. गर्दी दिसली की चित्र अडखळायचं, आणि राज्यक्रांती म्हटल्यावर गर्दी असणारच. पण भाच्याला आनंद साजरा करायची सोय राहिली नाही, कारण पीसीवर काहींच्या गेममधल्या पात्रांचे चेहरेच गायब झाले. हवेत तरंगणारे दोन डोळे, दातांची कवळी आणि वर व्यवस्थित विंचरलेले केस. आणि ही मंडळी एकमेकांशी प्रेमाच्या गोष्टी बोलतायत. पुतण्या हसून हसून गडाबडा लोळला. "हस," भाचा म्हणाला, "पण दात बघ किती स्मूथ हलतायत."

पीसीवाल्यांच्या या ताठ्याचाही एक इतिहास आहे. बेन क्रोशॉ नावाच्या एका तिरकस परीक्षकाने २००८ साली 'द विचर' या गेमची चिरफाड करता करता पीसीवाल्यांना 'मास्टर रेस' असा सणसणीत टोमणा मारला. नाकं उडवणाऱ्यांची चेष्टा करावी हा त्याचा हेतू. पुणेकराला टोमणा मारावा आणि त्याने त्याचीच पाटी करून दाराला लावावी, तसं झालं. पीसीवाल्यांनी ती पदवी मोठ्या सन्मानाने स्वीकारली आणि आजतागायत ते ती मिरवतात. पुतण्या मग त्यांना २०१५च्या 'बॅटमॅन : आर्खम नाइट'ची आठवण करून देतो. तो पीसीवर आला तोच ३०ची वेसण घालून, आणि ते ३०सुद्धा इतके रखडत की कंपनीला पीसीवरची विक्री काही महिने बंदच ठेवावी लागली. हा विषय निघाला की भाचा पाणी प्यायला उठतो.

भाच्याच्या पीसीसाठी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. मला नेण्याचं कारण प्रेम नव्हतं. माझं क्रेडिट कार्ड होतं. माझ्या बहिणीला सांगताना हे यंत्र 'प्रोजेक्टसाठी' होतं. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "गेमिंग का एडिटिंग?"

"अभ्यास," भाचा माझ्याकडे बघत म्हणाला.

दुकानदार मुरलेला. "मग अभ्यासाला लाइटवाली रॅम लागेल," तो म्हणाला आणि आतल्या पोऱ्याला त्याने ती काढायला सांगितली. अभ्यासाला काचेचा कॅबिनेट लागला. अभ्यासाला रंग बदलणारे पंखे लागले. ताईला अजूनही वाटतं की इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जांभळा उजेड सक्तीचा असतो.

यंत्र उभं राहिलं. आता हा खेळेल, असं मला वाटलं. पण पीसीवाला खेळत नाही, तो सेटिंग करतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा असतो, त्या क्षणी सेकंदाला किती चित्रं निघतायत ते सांगणारा. नायकाच्या मागे लांडगे लागलेत, पूल कोसळतोय, आणि आमचा भाचा कोपऱ्यात बघतोय. १४४. १४४. १३८. लगेच गेम थांबवणार. सावल्या 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणणार. पुन्हा सुरू. १४१. पुन्हा थांबवणार, गवत कमी करणार. मग कॅबिनेटचं झाकण उघडून रंगाच्या ब्रशने पंख्यावरची धूळ झाडणार. तोवर लांडगे ताटकळत उभे. एकदा मी विचारलं, "अरे, या गोष्टीत पुढे काय होतं?" तो म्हणाला, "पुढे एक जंगल आहे, तिथे फ्रेम ड्रॉप होतात."

अख्खा पावसाळा तो येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरपुढे बसवत होता. माउस गोल गोल फिरवून दाखवायचा. "बघा, लोणी! एकदा हे पाहिलं की ६०कडे बघवत नाही." बघणारे मान डोलवत. मीही डोलवली. मग गणपतीत पुतण्या गेला, सहज म्हणून त्याने विंडोजच्या डिस्प्लेचं सेटिंग उघडलं आणि दोन मिनिटं काही बोलला नाही. घरात कोणी वारलं की काय असं वाटून मी पुढे झालो. मॉनिटर आणल्या दिवसापासून ६० हर्ट्झवर चालू होता. ग्राफिक्स कार्ड १४४ चित्रं काढत होतं, कोपऱ्यातला आकडा इमानाने १४४ दाखवत होता, आणि पडद्यावर सेकंदाला ६०च उमटत होती.

"तरीच," भाचा ओठ दाबून म्हणाला, "मधून मधून मला शंका येत होती."

पुतण्याने ही बातमी आरतीला जमलेल्या समस्त नातेवाइकांना सांगितली. ज्यांना हर्ट्झ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्यांना समजावून मग सांगितली.

पण दिवस सगळ्यांचेच फिरतात. प्लेस्टेशन ५ भारतात अधिकृतपणे २ फेब्रुवारी २०२१ला आला, किंमत ४९,९९० रुपये. आगाऊ नोंदणी जानेवारीत, दुपारी बाराला. पावणेबारापासून माझ्या भावाच्या घरी युद्धाची तयारी. पुतण्या लॅपटॉपवर, वहिनी मोबाइलवर, आईच्याही हातात एक फोन देऊन 'इथे निळं दिसलं की दाब' अशी सूचना. बारा वाजले. आईने निळं दाबलं. नोंदणी तिचीच लागली! पैसे भरायचा पडदा आला, ओटीपी मात्र गेला भावाच्या फोनवर, आणि भाऊ त्या वेळी आंघोळीला. दार ठोठावून, "बाबा, आकडे वाचा, आकडे!" असा आक्रोश होईपर्यंत माल संपला. देशभरात काही मिनिटांत संपला होता, त्यामुळे भावाला एकट्याला दोष देता येणार नाही, पण तो दिला गेला. शेवटी कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून, वर बरेच पैसे मोजून, डबा घरी आला.

आणि माणसाच्या डोळ्याला ६० दिसतात, हे त्याच आठवड्यात सिद्ध झालं.

"काका, ३० म्हणजे डोकं दुखतं हो," पुतण्या म्हणाला. सहा वर्षं जो माणूस ३०च्या पलीकडे डोळा पोचतच नाही असं शपथेवर सांगत होता, त्याला आता जुने गेम लावले की कपाळ चोळावं लागत होतं. अर्थात सुख तिथेही नव्हतं. या नव्या डब्यावर बरेच गेम सुरुवातीलाच विचारतात: सुंदर चित्रं हवीत का भरपूर चित्रं? एका बाजूला पाण्यात ढगाचं प्रतिबिंब आणि ३०, दुसऱ्या बाजूला प्रतिबिंब जरा मळकं आणि ६०. यंत्राची ताकद तेवढीच. एका चित्रावर जास्त वेळ घालवला तर चित्रं कमी निघणार, हा साधा हिशेब. पण पुतण्या मूळचा हॉटेलात मेन्यूकार्ड धरून वेटरला चार वेळा परत पाठवणारा. डबक्यापाशी जायचं, 'क्वालिटी' लावून बघायचं, 'परफॉर्मन्स' लावून बघायचं, पुन्हा 'क्वालिटी'. रविवारच्या रविवार त्या डबक्यापाशी गेले. बाकीचा गेम मी तरी पाहिला नाही.

माझं मत विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही) लोकांना खरोखर मजा आली ती आकड्यांची फिकीर न करता. 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ साली आला. परग्रहावरची फौज खाली सरकत यायची आणि जसजशी ती मरायची, तसतसे उरलेले जास्त जोरात पळत. त्या बिचाऱ्या यंत्राला सगळ्यांची चित्रं काढणं झेपायचं नाही. फौज कमी झाली की त्याला दम मिळायचा आणि वेग वाढायचा. निर्मात्याने ते तसंच ठेवलं, आणि जग त्याला थरार म्हणालं. 'झेल्डा'चा १९९८चा भाग तर सेकंदाला २० चित्रांवर चालायचा आणि अजूनही थोर गेमांच्या यादीत त्याचं नाव पहिल्या काहींत असतं. हे मी दोघांना सांगितलं. प्रथमच त्यांचं एकमत झालं: काकामामाला काही कळत नाही.

एवढ्यात माझ्यावरच पाळी आली. दसऱ्याला मोठा टीव्ही घेतला. रात्री सगळे मिळून 'पिंजरा' बघायला बसलो, तर श्रीराम लागू आणि संध्या आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात उभे आहेत असं दिसू लागलं. इतकं तुळतुळीत, इतकं जवळ की सिनेमाचा सिनेमापणाच गेला. "अहो, ही मालिका केली का पुन्हा?" आमची ही म्हणाली. भाचा-पुतण्या दोघेही एकदम ओरडले, "मोशन स्मूदिंग!" टीव्ही म्हणे सिनेमाच्या दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चित्रं बनवून घुसडतो. टॉम क्रूझने २०१८ साली हे बंद करा म्हणून खास व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं, तेही दोघांनी सांगितलं. "खोट्या फ्रेम! घोर फसवणूक आहे ही मामा," भाचा म्हणाला आणि त्याने रिमोट हिसकावून घेऊन सेटिंग बंद केलं.

मग पुढच्याच आठवड्यात भाच्याने नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं. २०२२पासून एका कंपनीच्या नव्या कार्डांना एक विद्या आली आहे: दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड स्वतःच्या मनाने एक चित्र बनवून घुसडतं. २०२५च्या कार्डांना तर एका खऱ्यामागे तीन बनवता येतात.

"म्हणजे आमच्या टीव्हीनेच केलेलं?" मी विचारलं.

"छे मामा! टीव्ही अंदाजपंचे बनवतो. याला गेमकडून कळतं कुठली वस्तू कुठे सरकतेय. शिवाय एआय आहे."

"मग बटण दाबल्यावर माणूसही तेवढाच लवकर उडी मारतो?"

यावर तो जरा घुटमळला. उडी खऱ्या चित्रांच्याच वेगाने बसते, बनवलेली चित्रं नुसती डोळ्यांसाठी. "पण आकडा बघा ना!" तो म्हणाला. आकडा २०० च्या पुढे गेला होता. एवढ्या आकड्यापुढे काय बोलणार? मी टीव्हीची माफी मागावी का, या विचारात घरी आलो.

शेवटी दिवाळीत पाडव्याच्या दुपारी दोघांनी ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. माझा टीव्ही, दोन्ही यंत्रं त्याला जोडायची, एकच गेम, एकच जागा, आणि निवाडा करणार आजी. तिला कुठलं कुठलं ते सांगायचं नाही. भाचा रिक्षातून पीसी मांडीवर घेऊन आला, चादरीत गुंडाळून. "अगंबाई, दिवाळीत गणपती?" आईने विचारलं आणि ती निरांजन आणायला वळली सुद्धा.

गेम निवडला 'रेड डेड रिडेम्प्शन २'. अमेरिकेतला जुना काळ, दरोडेखोर, डोंगर, आणि एक घोडा. कन्सोलवर तो ३०वर चालतो. भाच्याकडे अर्थातच धो धो. मी इनपुट बदलायच्या कामावर. एकदा हा घोडा, एकदा तो घोडा. आई चष्मा पुसून, पुढे सरकून, फार गंभीरपणे बघत होती.

"आजी, फरक दिसतो?"

"दिसतो की."

दोघेही सोफ्याच्या कडेवर आले. "कुठला चांगला?"

"घोडा तोच आहे रे," आई म्हणाली. "पण त्याच्या अंगावर चिखल किती! मघाशीही होता, आत्ताही आहे. खरारा कोणी करत नाही का त्याला? आणि खायला घातलंय का?"

या गेममध्ये घोड्याला खरारा खरंच करता येतो. चाराही घालता येतो. घोड्याची निगा राखली तर तो जीव लावतो, अशी ती रचनाच आहे. पण कुठलं बटण, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. चौकशीअंती उघड झालं की भाचा या गेमची वेगाची चाचणी वर्षानुवर्षं लावत आलाय, पण गोष्टीत मात्र बर्फातल्या पहिल्या प्रकरणाच्या पुढे कधी गेलेला नाही. आजचं गावही कुणाची तरी सेव्ह फाइल उतरवून मिळवलेलं. पुतण्याने डबक्यांच्या गेमांना जागा हवी म्हणून तो काढूनच टाकला होता, कालच पुन्हा टाकला. बटण शोधता शोधता पुतण्याचा नायक घोड्याच्या मागच्या बाजूला गेला. घोड्याने लाथ झाडली. आर्थर मॉर्गन चिखलात आडवा.

"बरं झालं," आई म्हणाली. "आण इकडे ते."

तेव्हापासून कन्सोल आमच्याच हॉलमध्ये आहे. आई दुपारी तासभर खेळते. बंदुकीला हात लावत नाही, बँका लुटत नाही. खरारा करते, सफरचंद भरवते आणि रस्त्याने कोणी भेटलं की थांबून विचारपूस करते. घोड्याचं नाव तिने सर्जा ठेवलंय. ३०वर.

आता दोघांचं लक्ष 'जीटीए'च्या सहाव्या भागाकडे लागलंय. त्याचा पहिला ट्रेलर २०२३च्या डिसेंबरात आला, आणि तेव्हा नावं घेतली ती कन्सोलचीच. पीसीवाल्यांना हा अनुभव नवा नाही. पाचवा भाग कन्सोलवर २०१३च्या सप्टेंबरात आला आणि पीसीवर यायला २०१५चा एप्रिल उजाडला. परवा भाचा एकटाच आला. चहा घेतला. टीव्हीच्या मागची जागा वाकून बघितली.

"मामा, रात्री हा टीव्ही रिकामाच असतो ना?"

"का रे?"

"नाही, म्हटलं आणखी एक कन्सोल घेऊन ठेवावा इथे. माझ्यासाठी नाही हं, आजीसाठी. पुतण्याला तुमच्या सांगू मात्र नका."

"आणि सेकंदाला ३०च निघाली तर?"

त्याने बिस्कीट चहात बुडवलं, बराच वेळ बुडवून ठेवलं, आणि ते तुटून पडलं. "शेवटी मामा," तो म्हणाला, "स्टोरी महत्त्वाची."

आतून आईचा आवाज आला, "त्यात घोडा आहे का रे?"

"नाही आजी. गाड्या आहेत. आणि ट्रेलरमध्ये मगर दिसली."

"मगर?" आई बाहेर आली. हात पुसत तिने क्षणभर विचार केला. "तिला खरारा कुठल्या बाजूने करायचा?"